छपराखालचं गाऱ्हाणं

महादेव घाडी कुवेतला आला तो शटरिंगचा सुतार म्हणून. पण जलीबच्या कामगार कॅम्पात त्याला कुणी सुतार म्हणून हाक मारली असेल तर शपथ! सगळे त्याला घाडी म्हणत, आणि बरोबरच होतं ते. आडनावही तेच आणि खरं कामही तेच. देवगडच्या अंगाला वायंगणखोल म्हणून त्याचं गाव. तिथं सातेरीच्या देवळात उभं राहून अख्ख्या गावाच्या वतीनं देवीशी बोलायचं, म्हणजे गाऱ्हाणं घालायचं, हा मान घाड्यांच्या घराकडे. घाडी एकेक मागणं मांडतो आणि जमलेली माणसं एका आवाजात 'होय महाराजा!' म्हणतात. माणसांनी होय म्हटलं की मागणं देवाकडे पोचलं. मग नारळ फुटतो. आणि होय म्हटलंच नाही तर? तर गाऱ्हाणं तसंच लोंबकळत राहतं, नारळ फुटत नाही. पण असं झालेलं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

कुवेतमध्ये देऊळ कुठलं! महादेवनं साईटवरच्या उरलेल्या प्लायची एक फळी आपल्या खोलीच्या भिंतीला मारली होती. तिच्यावर लाल कापडात बांधलेलं वारुळाच्या मातीचं ढेकूळ, कारण सातेरी म्हणजेच वारूळ. बाजूला एक नारळ. आणि कोपऱ्यात गावच्या राखणदारासाठी, म्हणजे वेशीवरच्या देवासाठी, थोडी जागा. गावाकडे राखणदाराला बाटली लागते. इथं दारूबंदी, तेव्हा बिचाऱ्याला थंड सोड्यावर भागवावं लागे. महादेव म्हणायचा, "कायदो तो कायदो. राखणदाराक समाजता सगळा."

खोलीत महादेवसकट चौघं. राजाभाऊ, प्रीतम आणि रितेश. चौघंही त्याच पट्ट्यातले, सगळे बायकामुलं गावाला ठेवून आलेले. राजाभाऊ वयानं थोर, त्यांना साखरेचा आजार. रोजचं इंजेक्शन महादेव द्यायचा, कारण राजाभाऊंचा हात सुई बघितली की थरथरायला लागे. रितेश सगळ्यात तापट. डोकं म्हणजे नुसता स्टोव्ह, काडी ओढायचा अवकाश.

आणि या सगळ्यांच्या डोक्यावर कॅम्प बॉस बाळासाहेब. बीडकडचा माणूस. पाइप जोडणारा प्लंबर म्हणून आला होता, घाम गाळून वर चढला. कामात चोख, जेवणाच्या बाबतीत तर फार चांगला. कुणाच्या डाळीत पाणी जास्त झालं तरी मेसवाल्याला सोलून काढायचा. पण दोन-तीन वर्षांमागं तो 'तेजोमय परिवार' नावाच्या एका पंथात गेला आणि तेव्हापासून त्याला देवांची नावंसुद्धा सोसेनात. देव एकच, तो म्हणजे नुसतं तेज. बाकी दगड, माती, नारळ ही सगळी फसवणूक, असं त्याचं म्हणणं. शुक्रवारी मेसमध्ये तो परिवाराची बैठक घ्यायचा. बैठकीला जाणाऱ्यांना ओव्हरटाइम चांगला मिळतो, हे सगळ्यांना कळायला किती वेळ लागणार? हळूहळू खोल्याखोल्यांतले देवांचे फोटो उतरले. बाळासाहेब ते खोक्यात भरून समुद्रात सोडून यायचा. कॅम्पात उरली ती एकच फळी, महादेवच्या खोलीतली.

साल नव्याण्णव. जानेवारीतली हाडं गोठवणारी थंडी. त्या आठवड्यात शुक्रवारी वायंगणखोलला सातेरीची जत्रा होती. दरवर्षी त्या दिवशी महादेव इथं कॅम्पात गाऱ्हाणं घालायचा आणि सालमिया, एगैला अशा लांबच्या वस्त्यांतून आपली माणसं यायची. त्याच आठवड्यात बाळासाहेब खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"महादू, शुक्रवारी सांजच्याला मी येणार. तवर ती फळी उतरलेली दिसली पायजे. नायतर खोली फोडतो बघ. चौघांना चार कॅम्पांत पाठवीन, एकाला पार सरहद्दीवरच्या सालमीच्या वाळवंटात."

एवढं बोलून तो गेला. राजाभाऊ खाटेवर मटकन बसले. वेगळ्या कॅम्पात त्यांना सुई कोण टोचणार होतं?

रितेश मात्र उसळला. "काका, आता गप रवलात तर तुम्ही घाडी कसले? ठेवा नारळ त्येच्या नावान!"

नारळ ठेवणं म्हणजे काय, ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. वैऱ्याचं नाव घेऊन देवापुढे नारळ ठेवायचा आणि म्हणायचं, ह्याचं वाटोळं कर. घाड्याच्या तोंडून ते बोललं गेलं की भलेभले चळाचळा कापतात.

"ठेवा ना! त्येचे हातपाय वाळान जाऊ देत," प्रीतमही म्हणाला.

खोटं कशाला बोला, महादेवच्या मनातही क्षणभर ते आलं. त्याच्या कपाळाची शीर ताडताड उडत होती. जे ढेकूळ त्याच्या आईनं निघताना डोळ्यांना लावून पदराखालून त्याच्या हातात दिलं, ते हा माणूस समुद्रात फेकणार? नारळ हातात घेऊन तो फळीसमोर उभाही राहिला. पण मग तो मागे वळला.

"नाय," तो म्हणाला. "देवी काय तुजी माजी भाडोत्री गुंड आसा रे? पैसे दिले, पत्तो दिलो, जा मारून ये?"

"म्हणजे फळी उतरवणार तुम्ही?"

"फळी उतरूची नाय. आणि नारळही ठेवचंय नाय. दोन्ही सांगतंय, कान देऊन आयक."

रितेशनं रागानं उशी भिंतीवर आपटली. "मग करूचा काय? आरती ओवाळूया काय त्येची?"

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर महादेव थेट बाळासाहेबाच्या केबिनमध्ये गेला. बाळासाहेबानं काचेच्या पेल्यात बिनदुधाचा चहा ओतून पुढे सरकवला. वैर असलं तरी चहा विचारल्याशिवाय राहायचा नाही, अशी त्याची रीत.

"बाळासाहेब, दिवा लावणार नाही. अगरबत्तीही नाही," महादेव म्हणाला. बॉसशी तो शुद्ध बोलायचा प्रयत्न करी. "खोलीत प्लाय आणि गाद्या, आग लागली तर सगळेच जळू. तुमचा तो नियम मला कबूल. पण फळी राहू द्या."

"आरं दिव्याचं कोण बोलायलंय? मला ते ढेकूळ नको. तो नारळ नको माझ्या छपराखाली!"

"का नको पण? कुणाला त्रास होतो?"

"मला होतो!" बाळासाहेबानं टेबलावर असा हात मारला की चहा सांडला. मग एकदम त्याचा आवाज खाली आला. "मी काय कमी देव केले का रे? पोरगी होती माझी. एवढीशी. रक्ताचा आजार निघाला. बायकोनं अनवाणी तुळजापूर केलं, मी इथनं पैसे पाठवायलो आणि नवस बोलायलो. जो जो म्हणेल त्या देवाला नारळ. तुमच्या कोकणातल्या देवालापण. ती गेली, आन् मी इथं कुणाच्या तरी संडासाचा पाइप जोडत होतो. मातीलापण पोचलो नाही. सांग मला, कोण ऐकत होतं तिकडं? कोण?"

महादेवला आपली गावाकडची पोरगी आठवली. हा माणूस देवाचा दुश्मन कसला, हा तर देवावर रुसलेला बाप! पंथातल्या लोकांनी सांगितलं की ते देव नव्हतेच, तेव्हा याला निदान झोप लागायला लागली असेल.

"हे कॅम्पात कुणाला बोललास तर याद राख," बाळासाहेब डोळे पुसत म्हणाला.

"माझ्या आईची शपथ, कुणाला कळणार नाही."

"मग फळी उतरव."

"ती नाही उतरायची, बाळासाहेब."

"एवढं सांगितलं तरीबी?"

"तुमचं दुःख खरं आहे. माझी देवीही मला खरी आहे. तुमच्या दुःखासाठी मी रडेन, पण तिला समुद्रात टाकणार नाही."

"मग खोली फुटली म्हणून समज."

"फुटू दे," महादेव म्हणाला, आणि उरलेला चहा संपवून उठला. चहा टाकून उठणं त्याला बरं वाटलं नाही.

शुक्रवारी दुपारपासून माणसं यायला लागली. सालमियाहून दोन कुटुंबं टॅक्सी करून आली, त्यांची पोरं आपसात इंग्रजीत भांडत होती. एगैलाहून द्वारका आली. ती कणकवलीकडची नर्स, एका क्लिनिकात कामाला. येताना डबाभर जत्रेतलं गुळाचं खाजं घेऊन आली, आणि राजाभाऊंची साखर तपासून त्यांना खाजं खायचं नाही अशी तंबीही देऊन टाकली. राजाभाऊंचं तोंड बघण्यासारखं झालं. कॅम्पाच्या मधल्या पत्र्याच्या छपराखाली ही गर्दी. खोलीचं दार उघडंच ठेवलं होतं, म्हणजे फळी बाहेरून दिसावी.

रितेशनं महादेवला बाजूला ओढलं. "काका, तुमची ती रीत माका ठावक आसा. छपराखालचो एकही माणूस गाऱ्हाण्यातसून सुटता नये."

"माज्या बापाशीन शिकवल्यान तसा. घाड्याचा तोंड थय स्वतःचा नसता."

"तर आयका. त्या बाळासाहेबाचा नाव घेतलात तर आमच्यातलो एकजण होय म्हणाचो नाय. सगळ्यांचा ठरला आसा."

महादेवनं उघड्या दारातून फळीकडे बघितलं. आज फळी राहील की जाईल, खोली टिकेल की फुटेल, हे एक. पण आपल्याच माणसांनी तोंड मिटलं तर देवीपुढं घाड्याची काय लाज राहिली? गाऱ्हाणं अर्धंच राहायचं. नाव गाळलं तर सगळं सोपं होतं. कुणी विचारणारही नव्हतं.

"म्हणा नको," तो म्हणाला. "मी नाव घेणारच."

त्यानं नारळ हातात धरला, डोक्याला उपरणं गुंडाळलं आणि उभा राहिला. आवाज असा काढला की पोरांचं भांडण आपोआप थांबलं.

"बा देवा महाराजा! दर्यापलीकडची तुजी लेकरां आज ह्या पत्र्याखाली जमली आसत. जी पोरां परांचीवर चढतत, तेंचो पाय घसरू देवू नको!"

"होय महाराजा!"

"जी बायकापोरां गावाक वाट बघतत, तेंका सुखात ठेव!"

"होय महाराजा!"

"ह्या आमच्या नर्सबाय आजाऱ्याक हात लावतत, तेंच्या हाताक यश दी! ज्या कफील मालकाच्या पैशावर आमची चूल पेटता, तेच्या घरात बरा कर!"

"होय महाराजा!" पत्रा दणाणला. बाजूच्या गल्लीतली माणसं खिडकीतून डोकावायला लागली.

आणि नेमका तेव्हाच बाळासाहेब आला. मागे त्याचा एक मदतनीस, हातात फळी उतरवायला आणलेला पाना. गर्दी फाटली. बाळासाहेब तडक खोलीच्या दाराकडे निघाला, पण मध्ये महादेव उभा होता, आणि महादेव बाजूला झाला नाही. वाट अडवली म्हणून बाळासाहेब दम देईल, हात उचलेल, असं सगळ्यांना वाटलं. महादेवनं नारळ छातीशी घट्ट धरला आणि त्याच आवाजात पुढे चालू केलं.

"आणि महाराजा! ह्या छपराखाली रवतत ते बाळासाहेब. ते तुका मानीत नाय. तेंचो तुज्यावर राग आसा. तो कित्याक, ता तुका ठावक आणि माका ठावक. मी तेंका खोटो म्हणाचंय नाय. ते ही फळी उतरूक इले आसत, आणि मी ती उतरूक देवचंय नाय, ह्या तुज्यासमोर सांगतंय. पण महाराजा, तेंच्या रागाक तू रागान उत्तर देवू नको. तेंच्या वाटेत काटो टाकू नको. तेंका बळान तुज्या दाराक ओढू नको. तेंच्या काळजावर जो धोंडो आसा, तो थोडो हलको कर!"

होय कुणीच म्हटलं नाही. खाज्याचा डबा धरून उभी असलेली पोरंसुद्धा एकमेकांकडे बघायला लागली. रितेशनं मान फिरवली. प्रीतम आपल्या चपलांकडे बघत राहिला. राजाभाऊंचे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. ठरलेलं मोडायचं म्हणजे सगळ्यांशी वैर.

महादेवला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. एक वाक्य पुरलं असतं. पोरीची गोष्ट कळल्यावर या माणसांनी दगडालाही होय म्हटलं असतं. पण शब्द दिलेला होता. तो त्यानं गिळला आणि पुन्हा, तितक्याच मोठ्यानं म्हणाला:

"महाराजा, तेंच्या काळजावरचो धोंडो हलको कर!"

"होय महाराजा!"

आवाज बाईचा होता. द्वारका पुढे आली होती. गाऱ्हाण्याला बायकांनी होय म्हणायची गावची पद्धत नव्हे, आणि ते तिलाही पुरतं माहीत होतं. तिनं रितेशकडे असं बघितलं की, इंजेक्शनला घाबरणाऱ्या पेशंटकडेही ती तसं बघत नसेल. "काय रे, जीभ झडली काय तुजी? घाडी सांगता ता आयकूक येत नाय?"

"होय महाराजा," राजाभाऊ म्हणाले. मग प्रीतम. मग सालमियाचे दोघं. रितेशनं दात खाल्ले, पाय आपटला, एक सणसणीत शिवी मनातल्या मनात हासडली असणार, आणि शेवटी तोंड वर करून असा ओरडला की त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. "होय महाराजा!" त्याच्यामागून सगळी गर्दी. "होय महाराजा! होय महाराजा!" महादेवच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि ते पुसायला त्याच्याकडे मोकळा हात नव्हता.

बाळासाहेब जागच्या जागी उभा होता. तो एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. यांना काहीच ठाऊक नाही, हे त्याला कळलं होतं. आणि महादेवनं काहीच सांगितलं नाही, हेही. त्यानं हळूच मदतनिसाच्या खांद्यावर हात ठेवला.

"तो पाना गाडीत टाक. फळी ऱ्हाऊ दे. खोलीबी ऱ्हाऊ दे."

रितेशनं शिट्टी मारायला दोन बोटं तोंडात घातली. महादेवनं नुसते डोळे वटारले, तशी ती निमूटपणे बाहेर आली.

"महादू," बाळासाहेब म्हणाला. "तुझा देव मला मान्य नाही. मरेपर्यंत व्हायचा नाही."

"बरं."

"नारळ फोडलास का?"

"नाही अजून."

"मग थांब जरा." तो पुढे आला आणि महादेवच्या कानाशी वाकला. "माझ्यासाठी इतकी माणसं कधी होय म्हणाली नव्हती. देवाचं राहू दे. या माणसांना सांग. प्रियांका. नाव प्रियांका."

महादेवनं नारळ दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि घाड्याचा सगळा आवाज, बापाचा, आजाचा, जो कुणाचा म्हणून अंगात होता तो सगळा काढून म्हणाला:

"आणि महाराजा, आमची प्रियांका!"

कोण प्रियांका, जिवंत की गेलेली, कुणाला काही ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंही नाही. साऱ्या कॅम्पानं, बायकांनी, सालमियाच्या इंग्रजी बोलणाऱ्या पोरांनी, रितेशनं तर सगळ्यांत मोठ्यानं, पत्रा उडून जाईल असा एक आवाज दिला, "होय महाराजा!" आणि महादेवनं एका घावात नारळ फोडला.